कानातली शिट्टी आणि मेडिकल बोर्ड : निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या जवानांसाठी

देवळालीच्या रेंजवर फायरिंग असलं की आसपासच्या गावांत खिडक्यांची तावदानं थरथरतात. गावकऱ्यांना तो आवाज दुरून येतो. तोफेशेजारी उभं राहणाऱ्याच्या कानात तो वीस-बावीस वर्षं जातो. मग एखाद्या रात्री, घरातले सगळे झोपलेले असताना, कानात बारीक शिट्टी सुरू होते. रातकिडा बसल्यासारखी. ती थांबत नाही. डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद.

मी तोफखान्यात नोकरी केली. आता नाशिक रोडला राहतो आणि निवृत्त होणाऱ्या पोरांचे कागद बघून देतो. निफाड, सिन्नर, येवला, कळवण, कुठून कुठून मुलं येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "दादा, कानात आवाज येतो, पेन्शन वाढेल का?" मी उलट विचारतो, "नोकरीत असताना कुठे लिहिलं गेलंय का?" आणि बहुतेक वेळा तिथेच गप्पा थांबतात.

कर्णनाद दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, कुठल्या मशीनवर सरळ दिसतही नाही. म्हणून हा दावा कागदावर उभा राहतो, आणि त्यातला सगळ्यात वजनदार कागद अंगावर वर्दी असतानाच तयार व्हावा लागतो. हा लेख मुख्यतः ज्यांचे अजून सहा महिने, वर्ष, दोन वर्षं शिल्लक आहेत त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा दावा नाकारला गेलाय त्यांनी निम्मा लेख ओलांडून अपिलाच्या भागाकडे गेलं तरी चालेल.

अमेरिकेचे व्हिडिओ बाजूला ठेवा

मोबाइलवर टिनिटसच्या दाव्याबद्दल शोधलं की अमेरिकेतल्या माजी सैनिकांची माहिती समोर येते. तिथे टिनिटस हे स्वतंत्र अपंगत्व मानतात, त्याला 10 टक्के देतात आणि त्या 10 टक्क्यांवरही दरमहा रक्कम मिळते. ते खरं आहे, पण ते त्यांच्या खात्याचे नियम आहेत. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या जवानाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा, मिळायचं तर दोन गोष्टी एकत्र लागतात. निवृत्तीवेळच्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त धरलेलं असावं, आणि ते लष्करी सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे वाढलं असं मान्य केलेलं असावं. इंग्रजी कागदांत यालाच ॲट्रिब्युटेबल आणि ॲग्रॅव्हेटेड म्हणतात.

नुसत्या शिट्टीवर 20 टक्के गाठणं फार अवघड आहे. शिट्टीच्या जोडीला ऐकू कमी येत असेल, म्हणजे सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस असेल, तर दाव्याला पाय फुटतात. तोफेच्या किंवा रायफलच्या आवाजाने कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी आणि बहिरेपण, दोन्हीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. म्हणून तक्रार सांगताना दोन्ही सांगा. "शिट्टी वाजते" एवढंच बोलून उठू नका.

आज, नोकरीत असताना

हे मी कळकळीने सांगतो, कारण मी स्वतः हे केलं नाही. माझ्या कानात पहिल्यांदा आवाज आला तो एका फायरिंगनंतर. दोन दिवसांनी तो कमी झाला, पण गेला नाही. पुढे प्रमोशनची कॅडर होती. शेप-वन, म्हणजे मेडिकलच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, राहायचं होतं. शेपमधला एच म्हणजे हिअरिंग, त्या एचच्या पुढचा आकडा बदलला की प्रमोशनला अडचण, हे सगळ्यांना माहीत. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलो नाही. वार्षिक मेडिकलला कुजबुज ऐकायची पाळी आली की समोरच्या नर्सिंग असिस्टंटच्या ओठांकडे बघून उत्तर दिलं. असं करणारे मी शेकडो बघितलेत. त्या वर्षी आपण जिंकलो असं वाटतं. निवृत्तीच्या वेळी फाइल उघडली की प्रत्येक वर्षापुढे "हिअरिंग नॉर्मल" लिहिलेलं असतं, आणि ते आपणच लिहून घेतलेलं असतं.

तर पहिली पायरी : एमआय रूममध्ये जा, सिक रिपोर्ट करा, आणि ईएनटी तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. नाशिकमध्ये असाल तर देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा आणि त्या लिहिल्या गेल्या का ते बघा : आवाज कधीपासून, कुठल्या फायरिंगनंतर किंवा कुठल्या कामावर असताना, एका कानात की दोन्ही, आणि झोपेवर, बोलण्यावर काय परिणाम होतो. "जवानाला 130 मिलिमीटर तोफेच्या फायरिंगनंतर कानात आवाज येतो" हे एक वाक्य पंधरा वर्षांनंतर ट्रिब्युनलमध्ये उपयोगी पडतं. एखादा स्फोट जवळ झाला असेल, फुटलेल्या पडद्यातून रक्त आलं असेल, तर इंज्युरी रिपोर्ट भरला गेला का ते विचारा. तो फॉर्म आयएएफवाय-2006 या नंबराने ओळखला जातो.

एक सूचना तब्येतीची, दाव्याची नाही. अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. अशा बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत औषध दिलं तर आशा जास्त असते. फक्त एकाच कानात आवाज असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येत असेल, तरी तपासून घ्या. ती कारणं वेगळी असू शकतात.

तपासण्या, आणि त्यात काय बघायचं

मुख्य तपासणी प्युअर टोन ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात आणि एक आलेख काढतात. या आलेखाची प्रत जन्मदाखल्यासारखी जपा. मोठ्या आवाजाने झालेलं नुकसान साधारण 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पाडतं, बहुतेक वेळा 4,000 वर, आणि 8,000 हर्ट्झला रेघ पुन्हा थोडी वर येते. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात रेघ वरच्या पट्टीकडे उतरतच जाते. बोर्डाने "वयोमानाने झालं" असं लिहिलं आणि तुमच्या आलेखात 4,000 वर खड्डा असेल, तर तो खड्डा तुमचा साक्षीदार आहे. ईएनटी तज्ज्ञाला विनंती करा की त्यांनी हे शब्दांत लिहावं. नुसता आलेख बोर्डावरचे सगळे वाचतीलच असं नाही.

तपासणीच्या आधीच्या दिवशी फायरिंगला किंवा जनरेटरच्या खोलीत ड्यूटी नको. ताज्या आवाजाने कान तात्पुरता बधिर होतो आणि मग निकालावर बोट ठेवायला जागा मिळते. आवाज बंद झाल्यावर या प्रकारचा बहिरेपणा सहसा पुढे वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी पहिला ऑडिओग्राम काढून "हे तोफेचं" म्हटलं तर पटवणं कठीण जातं ते यामुळेच.

शिट्टीसाठी टिनिटस मॅचिंग करून घेता येतं. तुम्हाला येणारा आवाज कुठल्या पट्टीचा आणि किती मोठा, हे जुळवून लिहितात. 25 प्रश्नांची टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरीही असते, तिचे गुण 0 ते 100 असतात. यांनी टक्के ठरत नाहीत, पण न दिसणाऱ्या त्रासाला कागदावर आकडा मिळतो.

काही जण सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग प्रमाणपत्र काढायला धावतात. ते वेगळ्या कायद्याचं आहे. 2016 च्या त्या कायद्यात ऐकू कमी येणारी व्यक्ती धरायला दोन्ही कानांत 60 डेसिबलच्या पुढचं नुकसान लागतं आणि कर्णनाद त्यात मोजत नाहीत. ते मिळालं तरी लष्करी बोर्डावर ते बंधनकारक नसतं.

रिलीज मेडिकल बोर्ड

निवृत्तीच्या काही महिने आधी हा बोर्ड होतो. त्याचा फॉर्म एएफएमएसएफ-16. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं : कुठे कुठे पोस्टिंग, कुठला आजार, कधी आणि कुठे सुरू झाला. इथे घाई करू नका. घरीच एका वहीत सगळी पोस्टिंग वर्षांसकट मांडून न्या आणि प्रत्येक पोस्टिंगपुढे काम लिहा. नुसतं "देवळाली" लिहिलंत तर ते पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातली पोस्टिंग, दिसतं. "देवळाली, स्कूल ऑफ आर्टिलरीच्या कोर्सेससाठी तोफेवर डिटॅचमेंटमध्ये (तोफ चालवणाऱ्या तुकडीत), नियमित फायरिंग" असं लिहिलंत तर चित्र बदलतं.

हा मुद्दा नाशिककरांसाठी फार मोलाचा आहे. नकाराच्या पत्रांत ठरलेलं वाक्य असतं : आजार पीस एरियात सुरू झाला, फिल्ड किंवा उंचावरच्या सेवेशी संबंध नाही, म्हणून सेवेमुळे नाही. ब्लड प्रेशरच्या बाबतीत या वाक्याला काही अर्थ असेल. कानाच्या बाबतीत तोफ फिल्डमध्ये उडाली की रेंजवर, आवाज तोच असतो. प्रशिक्षणाच्या ठिकाणी काम करणारा तोपची एखाद्या शांत फिल्ड पोस्टिंगपेक्षा जास्त राउंड ऐकतो. हे बोर्डासमोर सांगा आणि निवेदनात लिहा.

कमांडिंग ऑफिसरचाही अभिप्राय त्या कागदांत असतो. तुमचं काम आवाजाचं होतं, हे त्यात आलं पाहिजे. हेडक्लार्कला भेटून विनंती करा, फायरिंगच्या नोंदी आणि कोर्सची माहिती सोबत द्या. इंजिन रूम, हेलिकॉप्टरचा ग्राउंड क्रू, टँक, फायरिंग रेंजवरचे इन्स्ट्रक्टर, या सगळ्यांना हेच लागू.

बोर्डाच्या दिवशी खोटं बोलू नका. पत्नी सोबत असेल तर "टीव्ही किती मोठा लावतात, हाक मारल्यावर कितीदा ऐकत नाहीत" हे तिच्याकडून आधी ऐकून लिहून ठेवा. आपल्याला स्वतःला ते कळत नाही. सही करण्यापूर्वी वाचा : आजारांच्या यादीत टिनिटस आणि हिअरिंग लॉस दोन्ही आहेत का, टक्के किती, सेवेशी संबंध मान्य केला का, नसेल तर कारण काय दिलंय. प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागता येते, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

वीस टक्क्यांची रेघ

बोर्डाने "15 ते 19 टक्के" लिहिलं की माणूस म्हणतो, एका टक्क्याने काय होतं. होतं. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला 20 च्या खाली काही मिळत नाही, आणि 2019 मध्ये विंग कमांडर एस. पी. राठोड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 20 च्या खालच्या अपंगत्वाला राउंडिंगचाही, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यावर नेऊन धरण्याचाही, फायदा नाही. आजारामुळे मुदतीआधी नोकरीतून काढलेल्यांचं, म्हणजे इनव्हॅलिड झालेल्यांचं गणित निराळं आणि त्यांच्या बाजूचं आहे.

रेघ ओलांडली तर मात्र फरक मोठा पडतो. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी पगाराच्या 30 टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. समजा हिशेबी पगार 40,000 रुपये. 100 टक्क्यांना 12,000, मग 20 टक्क्यांना 2,400. राउंडिंग लागू झालं की 50 च्या खालचे 50 धरतात, 50 ते 75 चे 75 आणि 76 च्या पुढचे 100. म्हणजे त्याच 20 टक्क्यांचे 6,000 होतात, वर महागाई सवलत. हे राउंडिंग मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावं, असा निकाल 10 डिसेंबर 2014 चा, राम अवतार प्रकरणाचा.

कुठले नियम लागू, हे निवृत्तीच्या तारखेवर ठरतं. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे एंटायटलमेंट नियम, म्हणजे कुणाला काय मिळणार हे ठरवणारे नियम, आहेत, आणि त्यात मुदत पूर्ण करून जाणाऱ्यांना मिळणाऱ्या मदतीचं नाव इम्पेअरमेंट रिलीफ झालंय. त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्याने 2010 साली सुटलेल्या मित्राचा अर्ज नक्कल करू नये. मी हा घोटाळा वारंवार बघतो.

नकाराचं पत्र आल्यावर

पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आपल्याच नाशिक रोड कॅम्पमध्ये आहे, त्यामुळे जिल्ह्यातल्या तोपचीला ते घरच्यासारखं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. त्यांनी स्पीड पोस्टने पाठवावं आणि पावती जपावी.

नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपिलांच्या समितीकडे जातं. तिथेही नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील, पेन्शनविषयक दुसऱ्या अपिलीय समितीकडे. पत्र हातात पडलं की पाकिटावरच तारीख लिहा. पाकीटही फेकू नका.

अपील लिहायला बसलं की लोक देशसेवेचं वर्णन पानभर करतात. ते मनापासून असतं, मला समजतं. पण समिती बघते ती बोर्डाच्या कारणाला तुमचं उत्तर. म्हणून नकाराचं कारण पहिल्याच परिच्छेदात जसंच्या तसं उतरवा आणि त्याखाली एकेक मुद्दा मांडा. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत जाईल. आशय साधारण असा ठेवा :

"मी अमुक तारखेला भरती झालो. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानाचा कुठलाही दोष नोंदलेला नाही. अमुक ते अमुक काळात मी तोफेवर डिटॅचमेंटमध्ये होतो. अमुक तारखेला एमआय रूममध्ये कानातल्या आवाजाची तक्रार नोंदली आहे, प्रत जोडली आहे. अमुक तारखेच्या ऑडिओग्राममध्ये 4,000 हर्ट्झला नुकसान दिसतं, जे मोठ्या आवाजाशी जुळतं. बोर्डाने पीस एरियाचं कारण दिलं आहे, पण माझ्या कामात फायरिंग तिथेच होतं. माझ्या कुटुंबात बहिरेपणाचा इतिहास नाही. त्यामुळे अपंगत्व सेवेमुळे मानावं आणि पुनर्तपासणीसाठी मला अपील मेडिकल बोर्डासमोर बोलवावं."

कुटुंबात बहिरेपण असेल तर ते वाक्य काढून टाका. मधुमेह असेल, कानाला मारक औषधांचा कोर्स झाला असेल, तर तेही लपवू नका. फाइलमध्ये ते आहेच.

भरतीच्या वेळी दोष नोंदला नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल धरमवीर सिंग प्रकरणात 2 जुलै 2013 ला आला. 13 फेब्रुवारी 2015 च्या राजबीर सिंग प्रकरणात तो पुन्हा उचलून धरला. बोर्डाने कारण न देता नुसतं "संबंध नाही" लिहिलं असेल तर हे दोन्ही निकाल अपिलात नावासकट लिहा. ते जुन्या नियमांवर बेतलेले आहेत, म्हणून 2023 नंतरच्या दाव्यात त्यांच्यावरच भिस्त ठेवू नका. नोंदी आणि आलेख पुढे करा.

नोंदच नसेल तर? माझ्यासारखे. मग सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या, एकाच डिटॅचमेंटमधल्या दोघा-तिघांची, तारखा आणि तोफेचा प्रकार लिहून. भरतीचा, मधल्या वार्षिक तपासण्यांचा आणि शेवटचा, असे कानाचे सगळे शेरे माहिती अधिकारात मागवा. कधी कधी आपण विसरलेली एखादी सिक रिपोर्टची ओळ तिथे सापडते. सिन्नरच्या एका सुभेदारांच्या फाइलमध्ये अशीच एक ओळ निघाली, आणि त्यांचं अपील त्या एका ओळीवर उभं राहिलं.

कागद जुळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिच्याखाली सैनिक कार्यालयांतून कायद्याची मोफत मदत मिळण्याची सोय आहे. ती विचारा. थकबाकीतला हिस्सा मागणारे एजंट कॅम्पभर फिरत असतात. त्यांना मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) किंवा स्पर्श या पेन्शन पोर्टलचा पासवर्ड देऊ नका, ते कितीही गोड बोलले तरी.

ट्रिब्युनल

दोन्ही अपिलं संपली, किंवा अपील करून सहा महिने झाले तरी उत्तर नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उशीर झाला असेल तर कारणासकट माफीचा अर्ज सोबत जोडायचा. वकील देता येतो, स्वतःही उभं राहता येतं. पंचवटीने सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येतं, पण तारखेला वेळ लागतो, डबा सोबत घ्या. ऐकू कमी येतं हे न्यायालयात सुरुवातीलाच सांगा, म्हणजे प्रश्न पुन्हा विचारला जाईल. न सांगता नुसती मान हलवत बसू नका.

खूप उशिरा गेलात तर दावा बुडत नाही, कारण पेन्शन दरमहा देणं असतं. पण तरसेम सिंग प्रकरणाच्या 2008 च्या निकालाप्रमाणे मागची थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती मिळते. दहा वर्षं वाट बघणाऱ्याची सात वर्षं जातात.

दाव्याच्या काळात कान

निकालाला वर्षं लागू शकतात आणि शिट्टी रोज रात्री असते. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून ईएनटीकडे रेफरल घ्या, बहिरेपण असेल तर श्रवणयंत्र मिळतं आणि बऱ्याच जणांची शिट्टीही त्याने दबते. झोपताना पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवला तर बरं वाटतं. "हमखास बरा करतो" म्हणणाऱ्या थेंबांवर पैसे घालू नका. झोप उडाली, मन खचलं, चिडचिड वाढली, तर डॉक्टरांना तेही सांगा. मी ते सांगायला फार उशीर केला आणि घरच्यांनी ते सोसलं.

पीपीओ आल्यावर

मंजुरी आली की सुधारित पीपीओ स्पर्शवर दिसतो. पाच गोष्टी ताडून बघा : आजारांची नावं, टक्के, राउंडिंग झालंय का, कुठल्या तारखेपासून, आणि किती काळासाठी. तारीख निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाची हवी, किंवा आदेशात दिलेली. चूक दिसली तर स्पर्शवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा आणि त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला द्या. पहिल्या महिन्याची पेन्शन स्लिप काढा आणि डिसॅबिलिटीच्या रकमेवर महागाई सवलत लागली आहे का ते हाताने गुणाकार करून बघा.